पटण्यासारखा पाऊस

पुण्याहून आलेलं पत्र कुंदानं मला तीन वेळा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा मला घाम फुटला. 'सलग चौतीस वर्षे, एकही दिवस न गाळता, आंबेघोळ येथील दैनंदिन पावसाची नोंद ठेवल्याबद्दल श्री. विश्राम सखाराम तोरस्कर यांचा सत्कार करण्याचे योजिले आहे.' कुंदा माझी लेक, गावची सरपंच. तिला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद झेपेना. तिनं पाणी आणून दिलं, पंखा लावला आणि शेजारच्या चार घरांत जाऊन पत्र वाचून आली.

एकही दिवस न गाळता, हे अक्षरशः खरं आहे. मी आंबेघोळचा टपालमास्तर होतो, आणि १९९९ पासून २०३३ पर्यंत टपालाच्या जोडीनं पाऊस मोजायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी साडेआठला ओढ्यापलीकडच्या डाकबंगल्याच्या आवारात जायचं, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, खालच्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. बारा हजारांहून जास्त सकाळी. त्यातले दोनशेएक आकडे मी मनानं लिहिलेले आहेत. घरात, खाटेवर बसून, चहा पिता पिता.

आणि ते कुठले दोनशे, हे ऐकलंत तर तुम्हीही माझ्याकडे पाठ फिरवाल. ते सगळ्यात मोठ्या पावसाचे दोनशे दिवस होते.

सत्काराच्या चार दिवस आधी पुण्याच्या केंद्रातून डॉ. निवेदिता भोगले आल्या. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना हातवारे करणाऱ्या. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय आत ओढून घेतला, तर कुंदा हसून म्हणाली, "आबांना असलं आवडत न्हाई. लाजत्यात."

"काका, तुमची वही म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे," निवेदिता म्हणाल्या. "घाटमाथ्यावर इतकी अखंड नोंद दुसरीकडे कुठेच नाही. रडारच्या आड डोंगर येतो. उपग्रहाला ढग दिसतो, पण बाटलीतलं पाणी दिसत नाही. तुमच्यानंतर इथे स्वयंचलित यंत्र बसवलं, तर ते मोठ्या पावसात बंद पडतं. दहा वर्षांत त्यानं नेमके मोठ्या पावसाचे दिवस कोरे सोडलेत."

म्हणजे यंत्रानं निदान गप्प बसण्याचा प्रामाणिकपणा दाखवला, असं माझ्या मनात आलं. वरकरणी मी म्हणालो, "मग त्या कोऱ्या दिवसांचं काय करता?"

"तुमच्या नोंदींवरून भरतो."

कुंदानं त्यांना विचारलं, "ताई, तुमचं ते पुण्यातलं संगणकाचं यंत्र नक्की करतंय काय? गावात सांगताना माझी तारांबळ उडती." तेव्हा त्यांनी आमच्याच ओसरीवर वाळत घातलेले चिंचोके मागितले आणि तीन डबे.

"हे यंत्र उद्याचा पाऊस सांगत नाही," त्या म्हणाल्या. "ते काम दुसऱ्यांचं. हे यंत्र न पडलेला पाऊस पाडतं. हा पहिला डबा, काल पाऊस होता त्या दिवसांसाठी. जुलै महिना धरू. काकांच्या वहीत बघायचं, पावसाच्या दिवसानंतर पुन्हा पाऊस किती वेळा आला. शंभरात एक्क्याण्णव वेळा. मग डब्यात एक्क्याण्णव काळे चिंचोके आणि नऊ सोललेले पांढरे. हा दुसरा डबा, काल कोरडं होतं त्या दिवसांसाठी. यात काळे जरा कमी. आता डोळे मिटून एक चिंचोका काढायचा. काळा आला तर आज पाऊस. उद्यासाठी पुन्हा पहिल्या डब्यात हात. पांढरा आला तर आज उघडीप, उद्या दुसऱ्या डब्यात हात. एवढ्यानं पावसाच्या झडी आणि उघडिपी अगदी तुमच्या खोऱ्यात येतात तशा यायला लागतात."

"आणि किती पडला, ते?" कुंदानं विचारलं.

"त्याला हा तिसरा डबा. यात आकडे आहेत. लहान पुष्कळ, मोठे थोडे. पण खोऱ्याचं नशीब त्या थोड्यांवरच असतं. ते किती मोठे असू शकतात हे आम्ही वहीतल्या मोठ्या आकड्यांवरून ठरवतो. त्यांची एक रेषा काढतो आणि ती पुढे ओढतो, कारण चौतीस वर्षांत न आलेला पाऊस हजार वर्षांत येऊ शकतो. असा रोज एक चिंचोका, अशी दहा हजार वर्षं. संगणकाला त्याला तास लागत नाही."

असा दहा हजार वर्षांचा पाऊस देशातल्या खोऱ्याखोऱ्यांवर पाडून बघायला लागल्यापासून सरकारचं सगळं काम त्यावर चालत होतं. धरणाचे दरवाजे, पुलाची उंची, विम्याचे हप्ते. जागा पावसात टिकेल असा पाऊस-दाखला असल्याशिवाय २०३९ पासून गोठासुद्धा बांधता येत नव्हता.

"बाकीच्या खोऱ्यांत ती रेषा वर वर जात राहते," निवेदिता म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला, एखादी गोड बातमी सांगावी तसा. "आंबेघोळात ती जात नाही. एकशे ऐंशीच्या पुढे वाकते आणि एकशे नव्वदला संपते. वर्षाकाठी एवढा पाऊस, पण एका दिवसात एकशे नव्वदच्या पुढे काही केल्या जात नाही. आधी आम्हाला पटेना. मग मी डोंगराची ठेवण तपासली. दक्षिणेचा कडा ढग अडवत असणार, त्यामुळे पाऊस पसरून पडतो. त्याच्यावर माझा निबंध आहे. त्या आकड्याला आम्ही नाव दिलंय, काका. तोरस्कर मर्यादा."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून परसात गेलो आणि हौदाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. लोक चोरी करतात, पकडले जातात. माझी चोरी निसर्गनियम होऊन माझ्याच नावानं परत आली होती.

आता ते कसं झालं ते सांगतो. स्वतःची बाजू मांडत नाही, बाजू नाहीच.

२००१ च्या जुलैत एकदा अखंड दिवसरात्र कोसळला. सकाळी मी कमरेला दोर बांधून ओढा ओलांडला, दोर धरायला दोन गडी काठावर. माप वीस मिलिमीटरचं. ते वीस वेळा काठोकाठ भरलं आणि एकविसाव्या वेळी बारावर थांबलं. चारशे बारा. मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा बेरीज केली. तालुक्याच्या कचेरीत फोनवर आकडा कळवला.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी भरल्या कचेरीत वही उघडली आणि विचारलं, "तोरस्कर, बाटलीत बादली ओतली काय? का आदल्या रात्री जरा जास्त झाली होती?" सगळे हसले. शिपाईसुद्धा. मी दोराचं सांगितलं, गड्यांची नावं सांगितली. "वरच्यांना पटेल असं लिहीत जा," ते म्हणाले. "उद्या मला कोण विचारणार नाही, असं." आणि खुलासा लिहून घेतला की वाचनात चूक झाली असावी. मी सही केली.

पुढच्या वर्षी तीनशे चाळीस झाला तेव्हा मी १७६.४ लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून एकशे ऐंशीच्या वर मी गेलो नाही. पहिली दोन-तीन वर्षं मोजायचो खरं आणि लिहायचो दुसरं. मग एक दिवस विचार आला, लिहायचं मनानंच असेल तर दोर बांधून जीव कशाला धोक्यात घालायचा? त्या दिवसापासून ओढ्यावरच्या बसक्या पुलाच्या फरशीवरून पाणी असलं की मी घरीच बसू लागलो. कचेरीच्या साहेबांचं निमित्त तीन वर्षं पुरलं. पुढची सगळी वर्षं नुसता आळस होता, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

शिवाय मी त्यात तरबेज झालो. गोल आकडा कधी लिहायचा नाही. १६८.२ च्या दुसऱ्या दिवशी ९३.६ लिहायचं, लगेच १७० नाही. शेवटचा अंक सारखा तोच येऊ द्यायचा नाही. पटण्यासारखा पाऊस कसा असतो, हे निवेदिताबाईंच्या यंत्राच्या कितीतरी आधी मला जमलं होतं. लाज याची वाटते की एखादा आकडा छान जमला की मला तेव्हा बरंही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी निवेदिता मला भैरीच्या माळावर घेऊन गेल्या. डोंगराच्या पायथ्याला एवढी एकच सपाट जागा आमच्या खोऱ्यात आहे. तिथं दहावीपर्यंतच्या शाळेसकट मुलींचं वसतिगृह होणार होतं, एकशे चाळीस मुलींचं. आमच्या वाड्यावस्त्यांतल्या पोरींची शाळा सातवीनंतर सुटते, कारण पुढची शाळा बावन्न किलोमीटरवर. कुंदा सहा वर्षं या वसतिगृहासाठी झगडत होती. मंजुरी अडली होती ती पाऊस-दाखल्यावर. तीन दिवसांत सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस मुरला तर माळावरचा डोंगर घसरेल, असं मातीवाल्यांनी लिहून दिलं होतं. आणि तोरस्कर मर्यादेमुळे तेवढा पाऊस दहा हजार वर्षांत एकदाही येत नव्हता. दाखला हिरवा निघाला.

त्या माळावर उभं राहून मी डोंगराकडे बघितलं. २०१९ साली तिथंच जमिनीतून पाणी उकळ्या फुटल्यागत वर येताना मी पाहिलेलं आहे. तीन दिवस सलग कोसळत होता. किती होता? मला माहीत नाही. मी मोजलाच नव्हता.

"बाई, जरा जास्त धरून चालला तर?" मी म्हणालो. "दाखल्यात."

"किती जास्त?"

"म्हणजे… दुप्पट."

त्या हसल्या. "काका, मनानं कसं धरायचं? तुम्ही एवढं मोजून ठेवलंय, तुम्हीच असं म्हणता?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काही आठवतंय का तुम्हाला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो, दुपारची वेळ, वारा सुटला होता. "नाही, म्हातारपणाची काळजी," असं म्हणून मी खाली उतरलो.

पण पोटात ते राहीना. त्याच दुपारी कुंदाला सांगितलं. ती स्वयंपाकघरात बसून सत्काराला येणाऱ्यांची यादी करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो, कचेरीचं, खाटेवरच्या चहाचं. तिची लेखणी हातातच राहिली.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"दोनशे. थोडे इकडं तिकडं."

"कुणाला सांगितलंसा?"

"न्हाई."

"मग नका सांगू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कुंदा लहानपणापासून सरळ. दुकानात जास्त आलेली गोळीसुद्धा परत करणारी.

"त्यो डोंगर कवा पडलाय, आबा?" ती म्हणाली. "तुमच्या बापाच्या हयातीत पडला? त्येंच्या बापाच्या? तुमचं आकडं खोटं असतील, माळ खरा हाय की. आन् वसतिगृह गेलं तर काय हुतंय ते मला म्हाईत हाय. मी दर साली बघतो. सातवी झालेली पोरगी, दोन वर्सांत तिच्या लग्नाची पत्रिका माझ्या टेबलावर. एकशे चाळीस पोरी, आबा. त्यातल्या शंभर तरी शिकतील. डोंगर पडंल का न्हाई ठाऊक न्हाई, पण ह्ये ठाऊक हाय."

"आणि पडला तर?"

ती रागानं उठली. "मग तवा का न्हाई मोजलंसा?" म्हणाली. "मोजलं असतंसा तर आज मला ह्यो इचार करावा लागला असता का?"

सत्य सांगण्याचा सगळा भार मी आणून लेकीच्या अंगावर टाकला होता, आणि ती तो झेलत होती माझ्या वतीनं, खोटं बोलून. मी म्हणालो, "बरं. न्हाई सांगत." तिनं यादी पुन्हा पुढे ओढली आणि शालीचा रंग कुठला हवा ते विचारलं. मी तपकिरी म्हणालो.

सत्कार शाळेच्या सभागृहात झाला. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत उभे होते. निवेदितांनी तोरस्कर मर्यादेबद्दल सांगितलं आणि टाळ्या पडल्या. भिंतीवर वरच्या वर्गांतल्या मुलींनी एक मोठा तक्ता लावला होता. आपापल्या जन्माच्या दिवशी मास्तर आजोबांनी किती पाऊस मोजला, ते प्रत्येकीनं शोधून निळ्या रंगाच्या पट्टीनं दाखवलं होतं. कोरड्या महिन्यातल्या मुलींच्या जागी नुसतं टिंब. जुलै-ऑगस्टवाल्यांच्या पट्ट्या लांब, आणि त्या सगळ्या वर जाऊन एकाच उंचीला टेकलेल्या. रंगवताना कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मला समोरच्या खुर्चीवरून दुसरं काही दिसतच नव्हतं.

मग शाळेत भात शिजवणारी सुगंधा उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण सुगंधाला सांगावं लागत नाही.

"माझ्या पोरीची पट्टी बगा," ती तक्त्याकडे बोट करून म्हणाली. "एकशे चौऱ्याहत्तर पॉइंट सहा. एकोणीस जुलै. त्या दिवशी मला कळा सुटल्या आन् डोलीतनं तालुक्याला न्यायचं ठरलं. आठ गडी आलं, आन् ओढ्याच्या काठावरनं आठच्या आठ माघारी फिरलं. फरशीवर कमरंच्या वर पाणी! माझी पोरगी शेवटी घरात झाली. जगली ते नशीब. आन् त्याच सकाळी आमचं मास्तर एकलं ओढ्यापल्याड जाऊन पाऊस मोजून आलं! पॉइंटसकट! आठ गडी हटलं, मास्तर न्हाई हटलं. ह्येला म्हणायचं माणूस!"

सभागृह दणाणलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुगंधाची पोरगी माझ्याकडे बघून हसत होती. कुंदा व्यासपीठावर माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा हात घट्ट धरला. तो हात काय सांगत होता ते मला कळत होतं.

मी उठलो. शाल खांद्यावरून घसरली, ती उचलली नाही.

"गेलो न्हवतो," मी म्हणालो.

टाळ्या थांबेनात म्हणून माईकजवळ जाऊन पुन्हा म्हणालो, "सुगंधा, मी गेलो न्हवतो. मी घरात चहा पीत हुतो. तुझ्या पोरीचा पाऊस मी मनानं लिवला. ह्या भिंतीवरच्या उंच पट्ट्या हायत न्हवं, त्या सगळ्या."

टाळ्या थांबल्या. पुढे मी सगळं सांगितलं, पण कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. लोक मला सोडून भिंतीकडे बघत होते. आता सगळ्यांना ती एकसारखी उंची दिसायला लागली होती. सुगंधा उभी होती ती हळूच खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. कुंदानं माझा हात कधी सोडला ते मला कळलं नाही.

संध्याकाळी निवेदिता माझ्यासमोर वह्या घेऊन बसल्या. चिडल्या नव्हत्या, ते जास्त जड गेलं.

"काका, कुठले दिवस खोटे, त्यावर खूण करा. तेवढेच काढून टाकते."

मी पेन्सिल घेतली. पहिल्या वर्षांतले पटापट झाले. मग १५८.८ आला आणि मी अडलो. हा मोजलेला की बसवलेला? १४२.४? एका पावसाळ्यात तर फरशी दुरुस्तीला काढली होती, तेव्हा मी लहान पावसालासुद्धा गेलो नव्हतो बहुतेक. मी इतकं बेमालूम लिहिलं होतं की आता माझं मलाच ओळखता येईना. एक तास मी पेन्सिल धरून बसलो.

"राहू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "मग सगळंच काढावं लागेल."

चौतीस वर्षं. गुडघाभर चिखलातून, ताप अंगात असताना, बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा जाऊन मोजलेल्या दहा-बारा हजार खऱ्या सकाळी त्यांनी एका बोटानं पुसल्या. मी त्यांना थांबवू शकलो नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

एक आकडा मात्र मी हट्टानं शोधायला लावला, २००१ चा. त्यांच्या यादीत त्या दिवशी ४१.२ होता. मूळ वहीत माझ्या शाईतला चारशे बारा तसाच होता, कचेरीत कुणीतरी लाल पेनानं मध्ये टिंब दिलं होतं. निवेदितांनी त्या टिंबावर बोट ठेवलं.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "रेषा इतकी सुबक आली की मला ती आवडली. वही उघडून बघायचं सुचलं नाही. एकशे ऐंशीला सगळा पाऊस थांबतो म्हटल्यावर मी डोंगराला विचारायला गेले, माणसाला विचारलं नाही." महिन्याभरात त्यांनी तो निबंध मागे घेतला. कारणात चूक स्वतःच्या नावावर घेतली, माझ्या नाही.

पुढचे पंधरा दिवस त्या घरोघर फिरल्या. कुठल्या साली पाणी शाळेच्या कितव्या पायरीला लागलं, कुणाची म्हैस कुठून वाहून गेली, सुगंधाच्या वेळी ओढा नक्की कुठवर होता. पाण्याच्या खुणेवरून ओढ्यात किती पाणी होतं ते काढायचं, आणि त्यावरून पाऊस. सोबत तो एक चारशे बारा. स्वयंचलित यंत्राच्या कोऱ्या दिवसांना 'माहीत नाही, पण मोठा' असं धरलं. अशा नव्या डब्यातून त्यांनी पुन्हा दहा हजार वर्षं पाडली. डोंगर तीनशे बारा वेळा घसरला. सरासरी बत्तीस वर्षांतून एकदा.

दाखला लाल झाला. वसतिगृह तालुक्याला गेलं, बावन्न किलोमीटरवर. एकशे चाळीसपैकी तेवीस मुली गेल्या. सुगंधानं आपली पोरगी पाठवली नाही. "तिकडं कुणाच्या भरवशावर धाडू?" म्हणाली, आणि मला बघून तिनं वाक्य तिथंच सोडलं.

गावानं मला शिवी दिली नाही. चावडीपुढून गेलो की कुणीतरी विचारायचं, "मास्तर, आज किती? पॉइंटसकट सांगा." एवढंच. कुंदा पुढच्या निवडणुकीला उभीच राहिली नाही. माझं जेवण ती वेळेवर वाढायची, औषध द्यायची आणि नेमकं कामापुरतं बोलायची. मी तिला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं. तिचं चुकलं होतं, हेही खरं; पण ती चुकली होती माझ्यासाठी आणि त्या पोरींसाठी, आणि मी चुकलो होतो चहासाठी.

आणि डोंगर उभाच होता. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. माळावर गवत माजलं. "बत्तीस वर्सांतनं एकदा म्हंजे आपण कोण बघणार?" लोक म्हणायचे. "म्हाताऱ्यानं आधी खोटं बोलून फसवलं, मग खरं बोलून बुडवलं." आकडा त्यांना समजत होता, तो अंगाला लागत नव्हता. बत्तीस वर्षं ही सरासरी असते, तो उद्याही पडेल आणि ऐंशी वर्षंही पडणार नाही, हे मी एकदा सांगायला गेलो तर एकानं मला चिंचोके देऊ केले.

तिसऱ्या जुलैत तीन दिवस सलग कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. समोर माळ आणि त्यावर डोंगर, पावसात मधूनच दिसायचा, मधूनच नाहीसा व्हायचा. माळावर माणूस नव्हतं, गुरं नव्हती. कुंदा धान्य निवडायला सूप घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी डोंगराकडे बघत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठी आवळलेल्या आहेत. मी काय मागत होतो ते मला स्वतःला ऐकू आलं. पंचाहत्तरी उलटल्यावरही माणसाच्या आत एवढं खाली काही असतं, हे मला माहीत नव्हतं.

"कुंदा," मी म्हणालो. "आत्ता मी मनात काय म्हटलं, सांगू?"

ती निवडत राहिली.

"पड म्हटलं. एकदाचा पड, म्हंजे लोकास्नी पटंल. आख्खा डोंगर मागितला मी, नुसतं माझं खरं व्हावं म्हणून."

सूप थांबलं. ती वळली नाही. पाऊस इतका होता की ती बोलली ते मला आधी नीट ऐकूच आलं नाही, म्हणून तिला पुन्हा सांगावं लागलं.

"मी तीन दिवस तेच मागाय लागलोय, आबा."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, सरकत सरकत येऊन माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघांनीही डोंगराकडे बघायचं टाळलं.